दुवा चालत नाही

दुवा या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, ही गोष्ट मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, भर दुकानात, एका गिऱ्हाइकाचे शिवणयंत्र माझ्यासमोर उताणे पडलेले असताना समजली. तोपर्यंत मी तो शब्द एकाच अर्थाने आणि अत्यंत सढळ हाताने वापरला होता. त्याचे जे परिणाम झाले ते येथे क्रमवार नमूद करीत आहे. इतरांनी बोध घ्यावा असा हेतू नाही; इतरांना तो दुसरा अर्थ आधीपासून ठाऊक होता, असे मागाहून दिसून आले.

माझा व्यवसाय शिवणयंत्रे दुरुस्त करण्याचा. जिन्याखाली दुकान आहे. उभे राहिल्यास डोके पायरीला लागते, म्हणून मी बसून काम करतो आणि गिऱ्हाइकांना तो माझ्या स्वभावातील शांतपणा वाटतो. सुटे भाग ज्या रद्दीत गुंडाळून येतात ती रद्दी मी वाचल्याखेरीज टाकीत नाही. माझ्या भाषेला जे काही वळण आहे ते त्या रद्दीचे ऋण होय. मात्र रद्दीचा कागद मधूनच सुरू होतो आणि मधूनच संपतो, त्यामुळे अनेक थोर लेखांचे केवळ मध्यभाग मला अवगत आहेत.

शिक्षण म्हणाल तर सहावी उत्तीर्ण. सातवीत मी गणितातील कंसांपाशी थांबलो. उघडलेला कंस बंद करणे माझ्या कधीच लक्षात राहत नसे. "दार उघडं टाकून कुठं निघालास रे?" असे आमचे गणिताचे मास्तर प्रत्येक उदाहरणापाशी विचारीत. एके दिवशी मी खरोखरच दार उघडे टाकून निघालो, तो परत गेलो नाही.

आता विचारमंचाविषयी. शेजारच्या मोबाइलवाल्याने माझ्या फोनात 'शिवणयंत्र विचारमंच' नावाचे एक स्थळ उघडून दिले होते. तेथे गावोगावचे शिंपी, शिंपिणी आणि आमच्यासारखे दुरुस्तीवाले एकमेकांना अडचणी विचारतात. कोणाचा पट्टा घसरतो, कोणाची सुई मोडते, कोणाच्या यंत्रातून असा आवाज येतो की घरातले जेवता जेवता उठतात. मी उत्तरे देऊ लागलो. उत्तर देताना रद्दीतील चार चांगले शब्द आपोआप येत. एके दिवशी 'शिंपीणबाई' या नावाने लिहिणाऱ्या एका सभासद भगिनीने लिहिले, "गुरुजी, तुम्ही सांगितल्यावर मशीन लगेच चालू झाली." तेव्हापासून सगळेच मला गुरुजी म्हणू लागले.

घरात मी 'अहो' आहे, गल्लीत 'मशीनवाले' आहे आणि मोबाइलवाल्याचा 'काका' आहे. गुरुजी मी फक्त तेथेच होतो. वाचकांनी हसू नये, परंतु त्या शब्दासाठी मी सकाळी दाढी करूनच फोन उघडीत असे.

एक गोष्ट मात्र मी कोणालाही सांगितली नव्हती. त्याच फोनात मला 'प्रौढांसाठी सातवीची बहिःस्थ परीक्षा: प्रवेश अर्ज' असे एक पान सापडले होते. गेले दोन महिने मी रोज दुकान उघडल्यावर ते पान उघडीत असे, 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' हा पहिला रकाना वाचीत असे आणि कोणी गिऱ्हाईक आल्यासारखे करून ते बंद करीत असे. ज्यांना दोनशे माणसे गुरुजी म्हणतात त्यांनी सातवीच्या बाकावर जाऊन बसावे, ही कल्पना मला सोसवत नव्हती.

अशातच मंचाच्या नियंत्रकांनी घोषणा केली. जो सभासद उत्तम उत्तरे देईल त्याच्या नावापुढे सोनेरी सुईचे चित्र लागेल आणि तो मंचाचा मार्गदर्शक मानला जाईल. अट एकच, नियम क्रमांक सात पाळला पाहिजे. तो नियम मला आजही पाठ आहे: "प्रत्येक उत्तराच्या अखेरीस योग्य दुवा द्यावा. दुवा उघडा नसावा, शब्दांत गुंफलेला असावा."

हा नियम वाचून माझे डोळे पाणावले. आजच्या यंत्रयुगात उत्तरापाठोपाठ दुवा देण्याचा नियम करणारी माणसे शिल्लक आहेत, आणि तो दुवाही उघडावागडा नको, शब्दांत गुंफलेला हवा, एवढी रसिकता! मी मनोमन नियंत्रकांना नमस्कार केला आणि संधीची वाट पाहू लागलो.

संधी दुसऱ्याच दिवशी आली. शिंपीणबाईंनी विचारले की, त्यांच्या जुन्या यंत्राचा जाड कापडावर टाका सुटतो, काय करावे? मी सुई बदलण्यापासून बॉबिन धरणाऱ्या शटलच्या वेळेपर्यंत सविस्तर उत्तर लिहिले, शटलचे चित्र असलेले एक पान माझ्या फोनात आहे असेही सांगितले आणि शेवटी दुवा दिला: "आपल्या सुईचे टोक सदैव तीक्ष्ण राहो आणि आपला धागा कधी न तुटो."

तासाभरात नियंत्रकांचा अभिप्राय आला. "गुरुजी, उत्तर उत्तम. पण दुवा दिसला नाही. नियम ७ पाहावा."

मला वाटले, आखूड झाला असावा. मी नवा दुवा गुंफला. "आपल्या बॉबिनमध्ये अखंड दोरा नांदो. आपल्या पायडलास कधी कुरकुर न लागो. माप देताना गिऱ्हाइकांनी पोट आत न घ्यावे, आणि शिवून झाल्यावर बाही आखूड झाली असे कोणी न म्हणावे." अशा अकरा ओळी झाल्या. त्या लिहिण्यात माझी दुपार गेली आणि एक गिऱ्हाईकही गेले.

नियंत्रकांनी कळविले, "दुवा अजूनही नाही. नुसता मजकूर आहे."

नुसता मजकूर! हे वाक्य माझ्या काळजात सुईसारखे शिरले आणि तेथेच मोडले. मी बायकोला सर्व वाचून दाखविले. ती माझ्याच दुकानात समोर बसून काज-बटणांची कामे करते. तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "मनापासून देत नसाल."

"मनापासूनच दिला आहे."

"मग कळेना कसा त्यांना? आणि काय हो, अकरा ओळी त्या बाईला! सव्वीस वर्षं झाली लग्नाला. मला दिलात कधी एक ओळ?"

या प्रश्नाचे उत्तर नियमावलीत नव्हते. मी वरच्या मजल्यावरील निवृत्त हेडक्लार्क साहेबांकडे गेलो. साहेबांनी छत्तीस वर्षे कागद पुढे सरकविले असल्याने कोणताही कागद का सरकत नाही हे त्यांना वासावरून कळते. त्यांनी चष्मा पुसला, माझ्या अकरा ओळी दोनदा वाचल्या आणि फोन असा दूर धरला की जणू त्यावर चुकीचा शिक्का बसला आहे.

"मशीनवाले, यात विषय कुठाय?"

"दुव्याला विषय असतो?"

"अहो, विषय नसेल तर तो दुवा कुठल्या फायलीला लावायचा त्यांनी? संदर्भ नाही, दिनांक नाही, खाली सही नाही. असा मोघम दुवा मी असतो तर मीही परत पाठवला असता. लिहून घ्या."

मी लिहून घेतले. त्याच संध्याकाळी मंचावर माझा पुढील दुवा प्रसिद्ध झाला. "विषय: दुवा देणेबाबत. संदर्भ: जाड कापडावर टाका सुटत असल्याबाबतचा आपला प्रश्न. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस दुवा देण्यात येत आहे. तो मिळाल्याची पोच द्यावी. कळावे. प्रत माहितीसाठी: नियंत्रक."

या वेळी उत्तर त्वरित आले. चारच शब्द होते. "गुरुजी, दुवा चालत नाही."

आता वाचकांनीच सांगावे. एखाद्याचा दुवा दिसत नाही म्हटले तर समजू शकतो. कमी पडला म्हटले तरी समजू शकतो. पण चालत नाही? मी उभ्या आयुष्यात कोणाचे वाईट चिंतले नाही. ज्या गिऱ्हाइकाने माझा स्क्रूड्रायव्हर नेला आणि परत आणला नाही, त्याचेही मी वाईट चिंतले नाही, केवळ आठवण ठेवली. अशा माणसाचा दुवा चालणार नाही तर कोणाचा चालणार?

सत्य काय ते पाहावे म्हणून मी शिंपीणबाईंनाच विचारले, "माझा दुवा आपणांस लागला काय?" त्यांनी प्रांजळपणे लिहिले, "गुरुजी, मशीन बरीच सुधारली. पण अगदी जाड कापडावर अजून एखादा टाका सुटतो."

मी ही माहिती नियंत्रकांना अभिमानाने कळविली. "दुवा पातळ कापडावर चालतो. जाड कापडासाठी प्रयत्न सुरू आहेत."

त्यानंतर दहाव्या मिनिटाला फोन वाजला. नियंत्रक स्वतः बोलत होते. हे गृहस्थ दिवसा कुठल्याशा पाणीपुरवठा कार्यालयात खिडकीमागे बसतात, हे मला तेव्हाच कळले, कारण मागून कोणीतरी सारखे ओरडत होते, "ओ साहेब, चार दिवस नळ कोरडा आहे!"

"गुरुजी," नियंत्रक म्हणाले, "एक विचारू का? रागावू नका. तुम्ही चेष्टा करताय का?"

"मुळीच नाही. आपण म्हणाल तर आणखी लांब देतो."

"अहो लांब नको! दुवा म्हणजे... एक मिनिट हो काका, पाणी येतंय, येतंय... गुरुजी, दुवा म्हणजे लिंक. लिंक! शब्दावर बोट टेकवलं की दुसरं पान उघडतं ना, ते! तुमच्याकडे त्या शटलचं चित्र असलेलं पान आहे म्हणाला होतात. त्याची लिंक द्यायची."

मी समोर उताण्या पडलेल्या यंत्राकडे पाहिले. त्याच्या पोटातील सर्व चाके मला स्पष्ट दिसत होती, आणि आयुष्यात प्रथमच मला त्यांचा हेवा वाटला.

"सगळ्यांना काय वाटले?" मी क्षीण स्वरात विचारले.

"सगळ्यांना वाटलं, गुरुजी मोठे विनोदी आहेत. ते तसंच राहू द्या. रविवारपर्यंत एक चालणारा दुवा टाका, सोनेरी सुई तुमचीच. सगळे तुमचंच नाव घेतायत."

एवढे बोलून ते कोरड्या नळाकडे वळले. माझी अब्रू तूर्त वाचली होती, पण ती रविवारपर्यंतच.

मंचावर 'दुवा कसा गुंफावा' असे मदतीचे पान होते. आरंभी चौकोनी कंसात आरंभखूण, तिच्यात पत्ता, मग वाचकाला दिसणारे शब्द आणि अखेरीस चौकोनी कंसात समाप्तिखूण. कंस हा शब्द दिसताच मी दाराकडे पाहिले. सदतीस वर्षांपूर्वी ज्यांना मागे टाकून आलो ते आता कोपरे काढून परत आले होते. तरीही मी नमुना समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरविले. पत्ता लिहा म्हटले होते, तो मी पूर्ण लिहिला: [दुवा=पिठाच्या गिरणीसमोर, जिन्याखालचे दुकान]शटलच्या चित्रासाठी येथे टिचकी मारावी[/दुवा].

साहेबांना दाखविले. ते म्हणाले, "मजला लिहिलेला नाही."

"जिन्याखाली मजला नसतो, साहेब."

"तळमजला लिहा. आणि पिनकोड. पिनकोडशिवाय काही पोचत नाही."

दोन्ही घातले. शब्द निळे झाले! मी बायकोला हाक मारली, तिने मोबाइलवाल्याला हाक मारली, साहेब आपण होऊन खाली आले. साहेबांनी टिचकी हा शब्द शब्दशः घेतल्यामुळे फोन माझ्या हातातून उडून सुट्या सुयांच्या डब्यात पडला. बाहेर काढून रीतसर बोट टेकविले तेव्हा पडद्यावर उमटले, 'हे पान सापडले नाही.' पाठोपाठ मंचावर एका सभासदाने लिहिले, "गुरुजी, तुमचं जिन्याखालचं दुकान सापडत नाही म्हणतोय फोन." बावीस वर्षे मी त्याच जिन्याखाली बसलो आहे.

मोबाइलवाला पोट धरून हसला आणि मग मला समोर बसवून शिकवू लागला. "काका, पत्ता म्हणजे तुमचा नाही. पानाचा. वर ही लांब शेपूट दिसते ना, ती. बोट दाबून धरा. कॉपी. मग तिकडं जा, परत दाबून धरा. पेस्ट. घरी सराव करा जरा."

मी उत्तम विद्यार्थी ठरलो. रविवारी सकाळी लवकर दुकान उघडले, शटलच्या चित्राचे पान काढले, शेपटीवर बोट दाबून धरले आणि कॉपी केले. मग रोजच्या सवयीने ते दुसरे पान उघडले, अर्जाचे. पहिला रकाना वाचला. हाती नवी विद्या असल्याने त्याही शेपटीवर सरावादाखल बोट दाबून धरले आणि कॉपी केले. फोन एका वेळी एकच गोष्ट ध्यानात ठेवतो, नवीन भरली की जुनी उसवून टाकतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. माझ्यासारख्या माणसाला ते बॉबिनवरून तरी सुचायला हवे होते.

मग मी मंचावर गेलो. आरंभखूण लिहिली, पेस्ट केले, त्या खुणेचा कंस बंद केला. पुढे लिहिले, "सदर पानावरील चित्र नीट पाहावे, म्हणजे सर्व अडचणी दूर होतील." शेवटी माझे शब्द मलाच इतके आवडले की मी पूर्णविराम दिला आणि 'पाठवा' वर बोट टेकविले.

बायको काजे करता करता स्वतःच्या फोनात बघत होती. मी मंचावर प्रसिद्ध पावल्यापासून तिनेही तेथे नाव नोंदविले होते, देखरेखीसाठी. "अहो," ती म्हणाली, "हे सगळं निळं का झालंय?"

"दुवा असा निळाच असतो," मी शांतपणे म्हणालो.

"तुमचा ठीक आहे. पण तुमच्या खालचे पण सगळे निळे झालेत. हा बघा पट्टा घसरतो वाला, निळा. आवाज येतो वाला, निळा."

मी पाहिले. माझ्या संदेशापासून पानाच्या तळापर्यंत जे जे काही होते ते निळे झाले होते आणि त्याखाली रेघ आली होती. चाळीस जणांचे प्रश्न, त्यांची उत्तरे, नियंत्रकांच्या सूचना आणि नियम क्रमांक सात स्वतः. माझ्या संदेशाखाली 'दुरुस्ती' नावाचे बटण होते. मी घाईने तेथे बोट टेकविले. बटण निळे झाले होते. त्याने मला थेट दुसऱ्या पानावर नेऊन सोडले, आणि ते पान शटलच्या चित्राचे नव्हते.

'प्रौढांसाठी सातवीची बहिःस्थ परीक्षा: प्रवेश अर्ज. अर्जदाराचे संपूर्ण नाव.'

मी मागे आलो, पट्ट्यावर बोट टेकविले. सातवी. आवाजावर टेकविले. सातवी. ज्याने तीस वर्षे दुरुस्ती केली त्याला 'दुरुस्ती' दाबता येईना. दाबले की सातवी.

मंचाचे 'कट्टा' नावाचे एक वेगळे दालन आहे, ते तेवढे वाचले होते. सगळे तेथे गोळा झाले.

"गुरुजी, मी बारावी झालोय. मला सातवीला का पाठवता?"

"माझी मशीन जाम आहे. परीक्षा दिली की सुटेल का?"

"'सर्व अडचणी दूर होतील' म्हणे. टोमणा कळला बरं का."

"आम्ही अडाणी वाटलो का तुम्हाला?"

बायकोने तोपर्यंत स्वतःच्या फोनात बोट टेकवून पाहिले होते. तिने तो पहिला रकाना मोठ्याने वाचला. मग म्हणाली, "रोज सकाळी शटर उघडलं की हे बघत होतात?"

मी मान हलविली.

"मला वाटायचं, दुसरंच काहीतरी बघता आणि मी आले की बंद करता." तिने सुई कापडात टोचून ठेवली. "भरला का नाहीत?"

"गुरुजींनी सातवीला बसायचे?" मी म्हणालो. माझा आवाज मला अपेक्षित होता तसा गंभीर लागला नाही.

ती माझा फोन घेऊन माझा संदेश निरखू लागली. कापडावरचा दोष शोधताना ती जशी डोळे बारीक करते तशी. मदतीच्या पानावरचा नमुना आणि माझा मजकूर तिने दोनदा ताडून पाहिला. "हे बघा. सुरुवातीला कंस आहे. शेवटी गाठ कुठं मारलीत? तो मागचा कंस, तिरपी रेघ असलेला. गाठ न मारता सोडलं, म्हणून शिवण धावत सुटली तळापर्यंत."

दार उघडे टाकून निघालो होतो. पुन्हा.

तेवढ्यात नियंत्रकांचा फोन आला. रविवार असूनही मागे कोणीतरी पाण्यासाठी ओरडत होते. ते त्यांचे शेजारी असावेत. "गुरुजी, काय झालं हो? कोणी तुमच्या नावानं घुसलंय का? तसं असेल तर आत्ता जाहीर करतो. खट्याळ माणसानं खोटा दुवा टाकला, कोणी उघडू नका. तुमचं नाव खराब व्हायला नको."

मोबाइलवाला दारातून खुणा करीत होता, "हो म्हणा काका, हॅक झाला म्हणा." साहेबही जिन्यावरून वाकून म्हणाले, "अज्ञात इसम म्हणा. अज्ञात इसमावर कारवाई होत नाही."

एका शब्दाचे काम होते. सोनेरी सुईही मिळाली असती आणि गुरुजीही शाबूत राहिले असते. मी 'हो' म्हणण्यासाठी तोंड उघडले आणि कट्ट्यावर शिंपीणबाईंची ओळ उमटली.

"गुरुजी, हा फॉर्म खरा आहे का? की चुकून आला? मी नाव लिहून थांबलेय."

मी ती ओळ पुन्हा वाचली. मला दोन महिन्यांत जे जमले नव्हते ते या बाईने दहा मिनिटांत केले होते. नाव लिहिले होते. आणि मी आता अज्ञात इसम म्हटले की ती ते पुसणार होती.

"नियंत्रक साहेब," मी म्हणालो, "इसम ज्ञात आहे."

फोन ठेवून मी कट्ट्यावर लिहिले. पहिला मसुदा 'सखेद निवेदन करण्यात येते की' असा सुरू होत होता. बायकोने तो पुसायला लावला. "साधं लिहा हो. बटण तुटलंय असं सांगतात तसं." मग मी लिहिले: "फॉर्म खरा आहे. चुकून आला, कारण तो माझ्यासाठी काढून ठेवला होता. मी सहावी पास आहे. कंस बंद करता येत नाहीत म्हणून शाळा सुटली, आणि आज त्यामुळेच तुमचं सगळं निळं झालं. मला गुरुजी म्हणू नये."

पाठवून मी फोन पालथा ठेवला आणि एका पायडलाला तेल घालू लागलो. त्याला तेलाची गरज नव्हती. बायको एकेक काज पूर्ण करून फोन उचलून बघे आणि पालथा ठेवी. चौथ्या काजानंतर तिने तो माझ्यापुढे सुलटा ठेवला.

बारावी झालेल्याने लिहिले होते, "माझ्या काकांना पाठवला फॉर्म. रागावले आधी, मग चष्मा मागितला." मशीन जाम असलेला म्हणत होता, "मी पाचवीत सोडली. थेट सातवी देता येते का?" टोमणा कळलेल्या गृहस्थांनी विचारले होते, "वयाची अट किती? बायकोसाठी विचारतोय." त्यांना बायको नाही, असे कोणीतरी त्याखाली लगेच लिहिले होते.

दुपारी नियंत्रकांनी वरून गाठ मारली आणि सर्व पुन्हा काळे झाले. त्यांनी मला कळविले, "गुरुजी, तुमच्या दुव्यावर तीनशे बारा टिचक्या पडल्या. मंचावर आजवर कुठल्याच दुव्यावर एवढ्या पडल्या नाहीत. दुवा चालला पाहिजे एवढंच नियमात आहे, कुठं चालला पाहिजे ते लिहिलेलं नाही. तेव्हा सुई तुमची. बाकी तो दुवा काढू म्हटलं, तर सात जणांनी राहू द्या म्हणून अर्ज केलाय."

माझा अर्ज साहेबांनी भरून घेतला. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात ते 'कौटुंबिक' लिहा म्हणत होते, मी 'कंस' लिहिले. त्यावर त्यांनी आयुष्यात प्रथमच सल्ला न देता सही केली.

आठवड्याने शिंपीणबाईंनी लिहिले, "गुरुजी, दुवा लागला. माझा अर्ज मंजूर झाला. मशीनही आता जाड कापडावर नीट शिवते. पण पुस्तक आणलं तर त्यात तुमचे ते कंस निघाले. कसे सोडवायचे?"

मला ते अजून येत नव्हते. तथापि एक गोष्ट येत होती, ती लिहिली: "कंस उघडाल त्याच क्षणी समोर बंद करून ठेवा. मग मध्ये निवांत बसून लिहा. शिवणीला सुरुवात करतानाच गाठीचा दोरा बाजूला काढून ठेवावा, तसं. बाकीचं मी शिकलो की सांगतो."

नियम क्रमांक सात पाळणे भाग होते. अखेरीस दुवा दिला: "आपल्या सुईचे टोक सदैव तीक्ष्ण राहो आणि आपला धागा कधी न तुटो."

तो निळा झाला नाही, त्याखाली रेघ आली नाही आणि बोट टेकविले तरी कोठलेही पान उघडले नाही. नियंत्रकांनी तो पाहिला असल्याची खूण उमटली. मी बराच वेळ वाट पाहिली. दुवा चालत नाही, असे त्यांनी या खेपेस कळविले नाही.